चौथ्या ओळीतली रेघ

"बॅटरी अजून खाली घ्या. अगदी दगडाला चिकटवून. हां... आता हलू नका."

"मी कुठं हलतोय बाई? चादर हलतेय," पहारेकरी मामा म्हणाले.

सकाळचे दहा वाजले होते. टेकडीवरच्या टाक्याच्या काठाशी, भिंतीतल्या कोनाड्यातल्या शिलालेखापुढे बाई पोटावर आडव्या झाल्या होत्या. वय एकसष्ट, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, आणि खालून वर यायला दोनशे बारा पायऱ्या. त्यातल्या शेवटच्या साठ त्यांनी बसत-उठत चढल्या होत्या. आता दोघांच्या डोक्यावरून मामांची जाड चादर ओढलेली होती, कारण बाईंना अंधार हवा होता. भर उन्हात टेकडीच्या माथ्यावर अंधार मिळवायचा म्हणजे एवढे सोंग करावेच लागते. अंधारात उजेड आडवा घासून टाकला की दगडातल्या अक्षरांच्या सावल्या उठतात आणि छिन्नीचा घाव कुठला, दगडाची आपली चीर कुठली, हे कळते. कोरलेली रेघ काठाला स्वच्छ असते आणि तिला सपाट तळ असतो. चीर वेडीवाकडी जाते आणि तिला तळ नसतो. बाईंनी हे आयुष्यभर विद्यार्थ्यांना घोकून घोकून शिकवले होते.

चौथ्या ओळीतल्या तिसऱ्या अक्षराच्या पोटात जी रेघ होती, ती वेडीवाकडी होती. तिला तळ नव्हता. अक्षर संपल्यावरही ती चार बोटे पुढे जाऊन दगडाच्या कडेला मिळाली होती.

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. मग नखाने ती रेघ चाचपली. नख आत गेले आणि अडकले.

"काय झालं? दगड फुटलाय काय?" मामांनी विचारले.

"नाही."

"मग?"

"चादर काढा मामा. जीव गुदमरतोय."

मामांनी चादर काढली, बाईंना काखेत हात घालून उठवले आणि सावलीतल्या दगडावर बसवले. बाईंनी पाण्याची बाटली उघडली, पण तोंडाला लावली नाही. त्या नुसत्या कोनाड्याकडे पाहत राहिल्या.

चार ओळींचा तो लेख बाईंनीच पहिल्यांदा वाचला होता. चौतीस वर्षांपूर्वी, संशोधनाच्या शेवटच्या वर्षाला असताना. तेव्हा इथे ना पहारेकरी होता ना कुंपण. काट्यांतून वाट काढत त्या वर आल्या, ओला कागद दगडावर ब्रशने ठोकून बसवला, वाळल्यावर शाई फिरवून ठसा घेतला आणि तो ठसा गुंडाळून पोटाशी धरून परत गेल्या. पुढचे आठ महिने त्या ठशावर काढले. ठशात रेघही काळी उमटते आणि चीरही काळीच उमटते. चौथ्या ओळीतला एक शब्द अडत होता; त्याची बाकीची अक्षरे झिजून अर्धवट उरली होती आणि सगळे त्या एका अक्षरावर होते. रेघ धरली तर तो होत होता 'लेकीने', आणि सोडली तर 'मापाने'. बाईंनी रेघ धरली. तेव्हा त्या सत्तावीस वर्षांच्या होत्या आणि लेक मापापेक्षा केव्हाही बरी वाटण्याचे ते वय होते. मग पुढचे झिजलेले क्रियापद 'खोदविले' असणार हे ओघानेच आले. वरच्या ओळींत दोन माणसे आणि चार गुरे यांचा उल्लेख होता. ते अर्थातच तिने कामाला लावलेले मजूर आणि बैल. पाणक्याच्या लेकीने, दोन माणसे आणि चार जनावरे लावून, हे टाके खोदविले.

निबंध गाजला. राजा नाही, सावकार नाही, एका पाणक्याच्या मुलीने दगड फोडून गावाला पाणी दिले, असा लेख कुणी ऐकला नव्हता. निबंध वाचून झाल्यावर सभेत एकच जण उठला होता. त्यांच्याच वर्गातला, किडकिडीत, जाड भिंगांच्या चष्म्याचा. सगळे त्याला शंकासुर म्हणत. "ती रेघ मला चीर वाटते," तो म्हणाला होता. "एकदा जागेवर जाऊन बघायला हवं."

"जागेवर मी जाऊन आलेय, शंकासुरा. तू नाही," बाई म्हणाल्या होत्या, आणि सभागृह खो खो हसले होते. त्या वर्षी संशोधन संस्थेत एकच जागा होती. ती बाईंना मिळाली. शंकासुर कुठल्याशा शाळेत लागला.

त्यानंतर बाई आणखी किती टेकड्या चढल्या, किती भुयारांत वाकून शिरल्या, याचा हिशेब त्यांच्या गुडघ्यांनीच ठेवला. लग्नाचे राहून गेले. धाकटा भाऊ गेला तेव्हा त्या अशाच एका आडजागी ठसे घेत होत्या. निरोप पोचायला दीड दिवस लागला आणि घरी आल्या तेव्हा सगळे आटोपलेले होते. वहिनी एवढेच म्हणाली, "ताई, हातपाय धुऊन घ्या आधी, शाई लागलीय." तेव्हापासून दोघी एकत्र राहत होत्या. कालही निघताना वहिनीने पिशवीत गुडघ्याचे पट्टे कोंबले आणि म्हटले, "आता पुरे हो. दगडं काय पळून जाणार आहेत का?"

खरे तर बाईंनाही पुरे झाले होते. निवृत्त होऊन तीन वर्षे झाली होती. संस्था त्यांच्या साऱ्या वाचनांचा संग्रह काढत होती आणि मुखपृष्ठावर हाच लेख हवा होता. "मॅडम, एक झकास फोटो तेवढा आणा, की गेलं छपाईला," नवे संचालक म्हणाले होते. फोटोपुरत्याच आल्या होत्या बाई. आणि महिन्याभरापूर्वी पुरातत्त्व खात्याने टाके साफ करताना लेखावरचा जुना पांढरा रंग धुऊन काढला होता म्हणून ही रेघ दिसली. तो रंग सव्वीस वर्षांपूर्वीचा. लोकांना अक्षरे नीट दिसावीत म्हणून खात्याने रंगारी पाठवला होता आणि त्या रंगाऱ्याने बाईंचे पुस्तक समोर ठेवून अक्षर न् अक्षर रंगवले होते. पुस्तकात रेघ होती, म्हणून त्याने चीरही रंगवली होती, अक्षराबाहेरची चार बोटे सोडून. नंतर बाई कितीदा तरी आल्या आणि दर वेळी आपलीच चूक पांढऱ्या स्वच्छ रंगात वाचून परत गेल्या.

"बाई, चहा सांगू का खालून?" मामा म्हणाले. "चेहरा पार उतरलाय तुमचा."

"नको."

मामा इथे एकोणतीस वर्षांपूर्वी पहारेकरी म्हणून लागले. पहारा कुणापासून करायचा हे त्यांना कुणी सांगितले नाही, त्यामुळे त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला माहिती सांगायला सुरुवात केली. बाईंनी स्वतः त्यांना लेखाचा अर्थ समजावून दिला होता. मामांची शाळा सातवीत सुटलेली, पण सांगण्याची हातोटी अशी की ऐकणाऱ्याने घड्याळ विसरावे. वर्षावर्षाने पाणक्याची लेक वाढत गेली. ती उंच झाली. दगड वाहून तिच्या टाळूवरचे केस गेले. तिच्या डाव्या हाताचे एक बोट घणाखाली सापडले. "मामा, एवढं काही लिहिलेलं नाही हं तिथं," बाई दर खेपेला हसून म्हणायच्या. "लिहायला जागा कुठं होती बाई? चारच तर ओळी," मामांचे उत्तर ठरलेले. दोन महिन्यांनी मामाही निवृत्त होणार होते.

खालून बोलण्याचा गलका आला. कुठल्याशा कार्यालयातल्या बायकांची सहल होती. पंधरा-वीस जणी, धापा टाकत, एकमेकींना नावे ठेवत वर येत होत्या. मामांनी टोपी सारखी केली, शर्टाच्या बाह्या खाली ओढल्या आणि ते टाक्याच्या पायरीवर जाऊन उभे राहिले.

"या, सावलीत उभ्या राहा. आधी दम घ्या. तुम्ही आज मोकळ्या हातानं चढलात आणि दमलात. आता विचार करा, डोक्यावर दगड घेऊन दिवसातून वीस वेळा चढायचं..."

बाई भिंतीआड बसून ऐकत राहिल्या. बाप वारला तेव्हा त्याची रिकामी घागर लेकीने कशी उचलली, लोक कसे हसले, चार बैलांपैकी एक कसा मेला आणि त्याच्या जागी तिने स्वतःच दोर कसा ओढला. एकीने मध्येच काहीतरी विनोद केला तर दुसरीने तिला दटावून गप्प केले. पाणी लागले तिथे मामांचा आवाज खाली गेला. "पाणी लागलं तेव्हा ती हसली नाही का रडली नाही. म्हणाली, आधी बैलांना पाजा." एक जाडजूड बाई रुमालाने डोळे टिपत होती. जाताना तिने वाकून टाक्याच्या काठाला हात लावला.

 बाईंनी पिशवी उचलली आणि त्या फाटकाजवळच्या खोलीपाशी गेल्या, कारण फोन तिथेच लागत असे. शंकासुराचा नंबर त्यांच्याकडे होता. जुन्या वर्गमित्रांच्या यादीत तो आला होता आणि चार वर्षे तसाच पडून होता.

"अगं, तू? काय आश्चर्य! कुठून बोलतेस?"

"टाक्यावरून." बाई म्हणाल्या. "ती रेघ चीरच आहे. तू बरोबर होतास."

"कुठली रेघ?"

"चौथ्या ओळीतली. मी निबंध वाचला तेव्हा तू उठून म्हणाला होतास. सगळे हसले होते तुला. मीच हसवलं होतं."

पलीकडे भांडी घासल्याचे आवाज येत होते. "असेल बुवा," तो म्हणाला. "मला काही आठवत नाही. तेव्हा मी सगळ्यांच्याच निबंधावर शंका काढायचो गं. एखादी खरी निघणारच की." आणि तो मनापासून हसला.

"मला वाटायचं, तू राग धरला असशील."

"राग कशाचा? मला शाळा छान मानवली. बत्तीस वर्षं सावलीत काढली. तूच उन्हात वाळलीस. बरं, गुडघे कसे आहेत तुझे? माझं एकाचं ऑपरेशन झालं..."

तो गुडघ्यांबद्दल पुष्कळ बोलला. बाई हो हो म्हणत राहिल्या. चौतीस वर्षे ज्याच्यापुढे त्या मनातल्या मनात मान खाली घालून उभ्या होत्या, तो माणूस केव्हाच उठून घरी निघून गेला होता. फोन ठेवल्यावर त्यांना हलके वाटायला हवे होते. तसे वाटले नाही. आता सांगायचे कुणाला हा प्रश्न राहिला, आणि त्याचे उत्तर फाटकातून त्यांच्याकडेच चालत येत होते.

"बघितलंत? एक तर रडली," मामा खुशीत म्हणाले. "आता सांगा, फोटो कुठनं घ्यायचा?"

"मामा, बसा जरा."

"बोला की. उभ्यानं ऐकू येतं मला."

बाईंनी सांगितले. आधी त्यांनी चीर आणि रेघ यांतला फरक समजावायला घेतला, मग मध्येच थांबून सरळ म्हटले, "माझ्याकडून एक अक्षर चुकलं."

"एकच ना? मग करून टाका दुरुस्त."

"अक्षर बदललं की शब्द बदलतो. 'लेकीनं' नाही ते, 'मापानं' आहे. आणि मग पुढचंही बदलतं. माणसाला दोन, गुराला चार, पाणक्याच्या मापानं द्यावं. एवढंच लिहिलंय. पाणी वाटायचा नियम आहे तो. दुसरं काही नाही."

मामा कोनाड्याच्या दिशेने पाहू लागले. इथून तो दिसत नव्हता. "आणि ती?"

"कोण?"

"ती. पाणक्याची लेक."

"ती नव्हती, मामा."

"नव्हती म्हणजे?"

"नव्हतीच. मी चुकीचं वाचलं म्हणून ती झाली."

मामांनी टोपी काढून हातात घेतली. ते बोलले तेव्हा त्यांचा आवाज बाईंनी कधी ऐकला नव्हता असा होता.

"माझी बायको दवाखान्यात होती, तेव्हा दुखण्यानं तिला झोप यायची नाही. म्हणायची, ती टाक्याची सांगा. रोज सांगायचो. शेवटच्या दिवशीही अर्धी सांगून झाली होती." त्यांनी टोपीची कड चाचपली. "बाकीचं मी लावलं, टाळूचं, बोटाचं. ते माझं मला ठाऊक आहे. पण ती होती, असं तुम्ही सांगितलंत. तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईनं सांगितलंत. म्हणून मी बोललो."

"मामा..."

"एकोणतीस वर्षं तुम्ही मला खोटं बोलायला लावलंत, बाई."

ते वळले आणि फाटकाजवळच्या खुर्चीत पाठ करून बसले. बाईंनी पिशवीतली छपाईची पाने काढली. चौथ्या ओळीवर आडवी काट मारायला दोन सेकंद लागले. त्याखालची अकरा पाने, त्यांतल्या तळटीपा, इतरांनी त्या वाचनावर रचलेल्या लेखांची यादी, हे सगळे मग एकेक करून खोडावे लागले. संचालकांना त्यांनी कळवले की छपाई थांबवा. त्यांचा लगोलग फोन आला. "मॅडम, हे कुणाच्या लक्षात तरी येणार आहे का?" बाई म्हणाल्या, "माझ्या आलंय." संचालक म्हणाले, मुखपृष्ठाचं मग काय करायचं? बाईंनी फोन ठेवला आणि त्या टाक्यापाशी परत जाऊन सावलीतल्या दगडावर बसल्या.

चारच्या सुमाराला एक जोडपे आले, सोबत नवऱ्याची म्हातारी आई. तिला मुलाने शेवटच्या पायऱ्या जवळजवळ उचलूनच आणले होते. मामा खुर्चीतून उठले, त्यांना टाक्यापर्यंत घेऊन आले, आणि नेहमीच्या पायरीवर पाय ठेवता ठेवता बाजूला झाले.

"आज या बाई सांगतील," ते म्हणाले. "लेख त्यांनीच वाचलाय."

हे बोलताना त्यांच्या आवाजात राग होता की आदर, ते बाईंना कळले नाही. भिंतीला धरून त्या उठल्या. सभागृहे भरून व्याख्याने दिलेल्या बाई तीन माणसांपुढे उभ्या राहिल्या.

"हा पाणी वाटायचा नियम आहे. माणसाला दोन मापं, गुराला चार. पाणक्याच्या मापानं द्यावं."

"म्हणजे रेशनच की!" नवरा हसून म्हणाला.

"हो. रेशनच."

"पण खाली पाटीवर तर कुठल्या मुलीनं खोदलं असं लिहिलंय," बायको म्हणाली.

"ती पाटी माझ्यामुळे लागली. मी लेख चुकीचा वाचला होता. आज कळलं."

जोडप्याने एकमेकांकडे पाहिले.  म्हातारी तेवढी टाक्यात वाकून बघत होती. तिने मान वर केली.

"मग एवढं मोठं खोदलं कुणी?"

"माहीत नाही," बाई म्हणाल्या.

"कुणालाच नाही माहीत?"

"नाही आजी. कुणीच लिहून ठेवलं नाही."

"कुणीतरी खोदलंच असेल की," म्हातारी म्हणाली आणि सुनेचा हात धरून परत निघाली. मामा कोपऱ्यात उभे राहून ऐकत होते. 

पाच वाजता बाई फाटकाच्या खोलीत गेल्या. पाटी बदलायची तर खात्याला अर्ज द्यावा लागतो आणि तो इथल्या टेबलावर आधी नोंदवून घ्यावा लागतो. बाईंनी अर्ज लिहिला. मामांनी चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचला. एका जागी बोट थांबले.

"कारण, वाचनातील चूक," त्यांनी मोठ्याने वाचले. "कुणाची ते लिहिलं नाही."

"खाली सही आहे की माझी."

"सही अर्ज करणाऱ्याची असते. चूक कुणाची, ते वेगळं."

बाईंनी कागद परत घेतला आणि मधल्या जागेत, बारीक अक्षरांत, स्वतःचे पूर्ण नाव घातले. मामांनी शिक्का शाईवर दाबला, कागदावर दाबला, फुंकर मारून वाळवला आणि तारीख घातली. खाली रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला. परतीची एवढीच बस होती. ती प्रवाशांसाठी पाव तास थांबत असे, पण बाईंच्या गुडघ्यांना दोनशे बारा पायऱ्यांसाठी पाव तास जेमतेमच पुरला असता.

"निघते मी," त्या म्हणाल्या.

मामा किल्ल्या घेऊन फाटकापर्यंत आले. बाई पहिली पायरी उतरल्या, दुसरी उतरल्या.

"बाई."

त्या थांबल्या.

"उद्या सकाळी नवाला माणसं येतील. अजून दोन महिने यायचीत. त्यांना काय सांगू?"

"जे लिहिलंय तेच."

"ते नीट आलं पाहिजे ना तोंडात." मामांनी फाटकाचा गज धरला, नजर समोर लावली. "गुराला दोन... नाही. माणसाला दोन मापं. गुराला चार. पाणक्यानं..." ते अडखळले. ज्यांचे ऐकत दोन पिढ्यांच्या सहली तासन् तास उभ्या राहिल्या होत्या, त्यांचा चेहरा फळ्यापुढे उभ्या केलेल्या मुलासारखा लाल झाला होता. "पुढं काय?"

"पाणक्याच्या मापानं द्यावं."

"पाणक्याच्या मापानं," मामा पुटपुटले. "द्यावं."

खालून बसने पुन्हा हॉर्न दिला, या खेपेला लांब. बाईंनी एकदा खाली पाहिले. मग गुडघ्यावर हात टेकून त्या तिथेच पायरीवर बसल्या.

"पहिल्यापासून म्हणा," त्या म्हणाल्या.

मामांनी टोपी घातली, ती सारखी केली आणि सुरुवात केली.